किती मिळतील?

शनिवारी सकाळी डोळे उघडतात न उघडतात तोच व्हॉट्सअॅपवर पुन्हा तो फॉरवर्ड आला. "तुमच्याकडे ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट आहे का? वैष्णोदेवीचं नाणं आहे का? घरबसल्या लखपती व्हा!" पाठवणारा कुणी खेड्यातला अडाणी माणूस नव्हता बरं का. आमच्याच कंपनीतला सीनियर आर्किटेक्ट. प्रॉडक्शनला कोड जायच्या आधी अठरा प्रश्न विचारणारा हा माणूस इथे मात्र एकही प्रश्न न विचारता 'फॉरवर्ड टू ऑल' करून मोकळा. खाली एक ओळ स्वतःची जोडलेली: "बघ रे, तुझा छंद आहे ना, किती मिळतील?"

एरवी मी असले मेसेज हसून सोडून देतो. या वेळी नाही सोडणार. म्हणून हा वीकएंडचा लेख. थोडा लांबलाय आणि थोडा चिडलेलाही आहे, सांभाळून घ्या.

आधी चिडण्याचं कारण. माझे एक काका दारव्ह्याला असतात (दारव्हा म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आमचं मूळ गाव). रिटायर्ड शाळामास्तर. उभ्या आयुष्यात कुणाची उधारी ठेवली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना असाच एक मेसेज आला आणि त्यांनी दिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस गोड बोलणारा. काकांच्या नोटेचे आणि दोन नाण्यांचे मिळून अकरा लाख देतो म्हणाला. फक्त नोंदणी फी अकराशे. मग 'जीएसटी' आठ हजार सहाशे. मग 'रिझर्व्ह बँकेचं क्लिअरन्स', अठ्ठावीस हजार तीनशे. एकूण अडतीस हजार गेल्यावर फोन बंद. काकांनी हे घरात सहा महिने कुणाला सांगितलं नाही. पैशांपेक्षा जास्त लागली ती लाज. 'मी मास्तर, आणि मलाच कुणी शाळा शिकवली', हे एवढंच ते मला म्हणाले आणि नंतर विषय काढला नाही.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रकच काढलं होतं: जुन्या नोटा आणि नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही नाही, असल्या व्यवहारासाठी आम्ही कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आमच्या वतीने ते मागायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. पण पत्रक कोण वाचतो? फॉरवर्ड सगळे वाचतात.

आता तुम्ही म्हणाल, यात नवं काय, फसवणूक आहे, पोलिसांनी बघावं. मान्य. पण माझं भांडण फसवणाऱ्यांशी नाहीच. चोर चोरीच करणार. माझं भांडण त्या प्रश्नाशी आहे ज्याच्यावर हा सगळा धंदा उभा आहे. 'किती मिळतील?' हा प्रश्न आपण सगळ्यात आधी विचारतो, आणि तो एकदा विचारला की 'हे आहे काय?' हा प्रश्न डोक्यात येतच नाही. काकांनी आधी तो दुसरा प्रश्न विचारला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं की वैष्णोदेवीची नाणी २०१२ साल असलेली, अगदी कालपरवाची आहेत आणि ट्रॅक्टरची नोट तर घराघरात पडून आहे.

गेल्या दिवाळीला गावी गेलो होतो. बसस्टँडकडून घरी येताना भंगारवाल्याच्या दुकानात एक गोणपाटाची पिशवी दिसली, अर्धी उघडी. आत नाणीच नाणी. विचारलं तर म्हणाला, "घेऊन जा ना भाऊ, नाहीतर वितळवालेच जातीन." नऊशे रुपयांना दीड किलो. घरी येऊन ओट्यावर पेपर पसरून मोजली. २६३ निघाली.

पहिल्या तासाभरात मी दहा जणांना फोटो पाठवले. दहापैकी नऊ उत्तरं एकच: किती मिळतील? (दहावा म्हणाला, हात धू.) तर घ्या, आधी हिशोब. स्वतंत्र भारताची ११८. ब्रिटिश हिंदुस्थानची ६१. निजामाच्या हैदराबादची २३. इतर संस्थानांची ४. परदेशी ३१. झिजलेली तांब्याची, शिवराई वगैरे, १४. बिल्ले आणि टोकन ९. आणि ठार खोटी ३. विकायला काढली तर माझे नऊशे सुटतील, वर फार तर एखादं जेवण होईल. म्हणजे लखपतीवाल्यांच्या हिशोबाने ही पिशवी शून्य. माझ्या हिशोबाने गेल्या कित्येक वर्षांत मी नऊशे रुपयांत इतकं काही घेतलेलं नाही.

का, ते सांगतो.

सर्वात आधी साल. नाणं हातात आलं की आपण आकडा वाचतो आणि तिथेच पहिला गचका खातो. माझ्या पिशवीत एका तांब्याच्या नाण्यावर देवनागरीत १९४९ लिहिलंय. स्वातंत्र्यानंतरचं? छे. शेजारी तलवार आहे, घोड्याची टाप आहे आणि नाव आहे सयाजीराव गायकवाडांचं. बडोद्याचं नाणं, साल विक्रम संवताचं. ५७ वजा करा, १८९२. दुसऱ्यावर २०२५. भविष्यातून आलं नाही, नेपाळचं आहे, तोच संवत, म्हणजे १९६८. थायलंडच्या नाण्यावर बुद्धसंवत, ५४३ वजा करायचे, २५२० म्हणजे १९७७. जपानच्या नाण्यावर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष, शोवा ४० म्हणजे १९६५. आणि निजामाच्या नाण्यावर हिजरी. हिजरी वर्ष चांद्र, आपल्यापेक्षा अकराएक दिवसांनी छोटं, त्यामुळे सरळ वजाबाकी चालत नाही. ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे. १३५३ हिजरी म्हणजे १९३४ च्या आसपास. तारखांच्या फॉरमॅटवरून रात्र रात्र डीबग करणाऱ्या आमच्या जमातीला यात मजा वाटायला हवी खरं तर. एकच फील्ड, पाच कॅलेंडरं, आणि टाइमझोन कुठे लिहिलेलाच नाही :)

मग धातू आणि वजन. पन्नास रुपयांचं चुंबक आणि दोनशे रुपयांचा दागिने तोलायचा छोटा काटा, एवढं भांडवल पुरतं. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. १९४० पर्यंत त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती, मग युद्धाच्या काळात ती निम्म्यावर आली, आणि १९४७ चा वाघ छाप रुपया तर अख्खा निकेलचा. 'चुंबकाला चिकटलं म्हणजे खोटं' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हा वाघाचा रुपया चिकटतो आणि तो अस्सल असतो, कारण निकेल चिकटतंच. आणि वीस पैशांचं ते पिवळं कमळाचं नाणं, ज्यात सोनं आहे म्हणून आपल्या आया-आज्यांनी देवघरात जपून ठेवलं, त्यात सोनं नाही. पितळी रंगाचा मिश्रधातू आहे तो. देवघरातून काढू नका मात्र. लक्ष्मीच्या पूजेत इतकी वर्षं बसलेल्या नाण्याला सोन्याची गरज नाही.

आता हैदराबादची २३. पुण्यात कुणाला दाखवली तर विचारतात, निजामाची नाणी यवतमाळात कशी? इथे मला खरंच वाईट वाटतं, कारण हे विचारणाऱ्यांत अर्धे वऱ्हाडातलेच असतात. अरे, वऱ्हाड निजामाचंच होतं की. १८५३ च्या तहाने इंग्रजांनी ते कारभारासाठी आपल्याकडे घेतलं, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्यावर घेतलं, पण कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. १९३६ पासून तर निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब होता. आणि आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की सरळ निजामाचं राज्य. अलीकडे कलदार, पलीकडे हाली सिक्का. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा साधारण भाव. बैलबाजाराला नदीपलीकडे जाणाऱ्या शेतकऱ्याला हे चलनाचं गणित तोंडपाठ असणार. माझ्या पिशवीतल्या एका नाण्यावर चारमिनार आहे आणि मधल्या कमानीत एक छोटंसं अक्षर. 'ऐन' असेल तर उस्मान अली, 'मीम' असेल तर त्याचे वडील महबूब अली. एका अक्षरावरून राजा कळतो. आणि पिशवीतल्या २३ नाण्यांवरून एक हद्द कळते, जी आता नकाशावर नाही.

हे सगळं 'किती मिळतील' मध्ये कुठे बसतं?

शिवराईचंही तसंच. झिजक्या तांब्यावर 'राजा शिव' एवढी दोन अक्षरं दिसली की आमचे लोक थेट शिवछत्रपतींच्या काळात जातात, डोळ्यांत पाणी, डीपीला फोटो. भावना खरी आहे, ओळख चुकीची. महाराजांच्या नावाची शिवराई त्यांच्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या पाडली जात होती. पेशवाईच्या अखेरच्या काळातली, 'छत्र' आणि 'पति' यांच्या मध्ये दोन रेघा असलेली 'दुदांडी' शिवराईच बहुतेक ठिकाणी सापडते, आणि इंग्रजी अंमल आल्यावरही ती बाजारात चालत राहिली. मला विचाराल तर ही गोष्ट जास्त अभिमानाची आहे. राजा गेला, गादी गेली, पेशवे गेले, तरी भाजीवाली त्याच्या नावाचा पैसा मोजून घेत होती. पण ही गोष्ट कळायला आधी 'हे महाराजांच्या हातातलं नाणं नाही' हे कबूल करावं लागतं. ते जमत नाही, कारण कबूल केलं की 'भाव' उतरतो.

आणि ती तीन खोटी. त्यातलं एक फारच नामी आहे. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, मारुती. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'ईस्ट इंडिया कंपनी', 'यूकेएल', 'वन आना', १८१८. मुद्दाम मोबाईलवरच्या एका ऍपला फोटो दाखवला. ऍप आनंदाने म्हणालं: ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, दुर्मिळ! झालं. एखाद्या माणसाने एवढं ऐकलं की तो पुढच्या फोनला तयार. आता साधा विचार करा. कंपनीची सगळ्या मुलखाला एकसारखी नाणी सुरू झाली १८३५ मध्ये. एक आण्याचं स्वतंत्र नाणं हिंदुस्थानात आलं सातव्या एडवर्डच्या राज्यात, विसाव्या शतकात. मग १८१८ साली 'वन आना' कुणी पाडला? कुणीच नाही. हे 'रामटंका' म्हणतात त्या देवळाच्या टोकनांच्या धर्तीवर, कंपनीचं नाव चिकटवून अलीकडे बनवलेलं आहे. असल्याच तांब्याच्या तुकड्यांना 'राईस पुलर' म्हणून, तांदळाचे दाणे ओढतं, आत इरिडियम आहे, नासा विकत घेते, असं सांगून लोकांना लाखोंना गंडवणाऱ्या टोळ्या कितीतरी राज्यांत पोलिसांनी पकडल्या आहेत. ज्या माणसाला आण्याचा इतिहास माहीत आहे त्याला यात फसवता येत नाही. आर्थिक साक्षरता, सायबर साक्षरता वगैरे शिबिरं जरूर घ्या. पण काकांना वाचवायला अर्धं पान इतिहास पुरला असता.

ऍपबद्दल एक व्यावसायिक टिप्पणी, कारण हा आपला धंदा आहे. ऍप चित्र जुळवतं. नाणं ओळखणं म्हणजे चित्र जुळवणं नव्हे. वजन, धातू, कडा, साल आणि मुख्य म्हणजे 'हे कुठे आणि कशाबरोबर सापडलं' हे सगळं लागतं. शेवटची गोष्ट फोटोत नसतेच. डेटा आहे पण मेटाडेटा उडवला, तर काय उरतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता त्या नऊ बिल्ल्यांवर येतो. खरं तर सगळा लेख यांच्यासाठीच आहे.

गोल पितळी चकत्या, वर एक भोक, मध्ये ठोकून काढलेला आकडा. एकीवर ११४, एकीवर २०७, असे. एकीवर इंग्रजीत 'जी अँड पी'. राजाचं नाव नाही, साल नाही, चित्र नाही. जगभरच्या नाण्यांची ती विटेएवढी जाड कॅटलॉगं चाळा नाहीतर न्युमिस्टा धुंडाळा, या मिळणार नाहीत. ऍपला दाखवली तर ऍप म्हणालं, 'वॉशर'. अक्षरशः वॉशर. मीही त्या बाजूलाच काढून ठेवल्या होत्या. संध्याकाळी शेजारचे एक आजोबा ओट्यावर येऊन बसले, त्यांनी त्यातली एक उचलली, बोटाने चोळली आणि म्हणाले, "हा तं जिनातला बिल्ला होय बावा. सकाळी घ्याचा, सांजच्याला वापस द्याचा. हरवला का दिवसाची मजुरी गेली. मायी माय जाये ना जिनात कापूस निवडाले. पदराले बांधून ठेवे."

मग ते पाऊण तास बोलत होते. कापसाच्या बंड्या रात्रीपासून रांगेत कशा लागत, जिनाचा भोंगा कुठपर्यंत ऐकू येई, रुईचा धुरळा नाकातोंडात जाऊन बायका कशा खोकत, गठाणी स्टेशनवर कशा जात. स्टेशन म्हणजे दारव्हा-मोतीबाग, यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजवरचं. आमची शकुंतला. इंग्रजी कंपनीने टाकलेली ही लाईन मुळात कापसासाठीच होती. इथला कापूस मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या गाडीने मुंबई, तिथून बोटीने मँचेस्टर. रूळ आहेत, गाडी बंद. जीन बंद. बिल्ले भंगारात.

म्हणजे बघा. २६३ नाण्यांत राजे होते, राण्या होत्या, बादशहा, निजाम, गायकवाड. दारव्ह्याचं माणूस फक्त या नऊ चकत्यांवर होतं, आणि तेही नावाने नाही, नंबराने. २०७ नंबरची बाई कोण होती हे आता कळणार नाही. पण ती होती, सकाळी आत गेली आणि संध्याकाळी बाहेर आली, याचा पुरावा म्हणून जगात एवढंच पितळ शिल्लक आहे. बाजारभाव: भंगाराच्या दराने साधारण चार रुपये.

(खिशात हात घाला. गळ्यात लटकवायचं ते कार्ड आहे ना, ज्याच्याशिवाय आपल्याला ऑफिसात घेत नाहीत? त्याच्यावरही नंबर आहे.)

ज्यांना हे सगळं भावुक वाटतंय त्यांच्यासाठी एक कोरडी गोष्ट सांगतो. १९३९ साली तऱ्हाळ्याला, मंगरूळपीर तालुक्यात, दारव्ह्यापासून शंभर किलोमीटरच्या आतच, जमिनीतून सुमारे १६०० नाणी निघाली. सोन्याची नव्हेत, चांदीचीही नव्हेत. पोटिनची, म्हणजे तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रणाची. भंगारच म्हणा ना. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. ही सातवाहनांची नाणी. सुदैवाने ती एकत्र राहिली आणि नागपूरला वा. वि. मिराशींसारख्या विद्वानाच्या नजरेखालून गेली. त्यांनी एकेक नाणं वाचलं, आणि त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी हे राजे वर आले. पुराणांच्या वंशावळीत त्यांचा पत्ता नाही. दीड-पावणेदोन हजार वर्षं ज्यांचं नावही कुणाला माहीत नव्हतं ते राजे आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या, वितळवलं तर कवडीमोल असलेल्या धातूने परत आणले. त्या दिवशी कुणी 'किती मिळतील' विचारून ती नाणी मुठी मुठीने वाटली असती, तर इतिहासाच्या पुस्तकातली ती पानं आजही कोरी राहिली असती.

आणि अशी किती वाटली गेली असतील? सापडलेलं धन लोक सरकारला का कळवत नाहीत, याचं उत्तरही याच प्रश्नात आहे, फक्त या वेळी चूक लोकांची नाही. कायदा आहे १८७८ चा, इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद. आणि सरकारने ते ताब्यात घ्यायचं ठरवलं तर मोबदला किती? धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश. आता तऱ्हाळ्याच्या नाण्यांना हे सूत्र लावा. हजारो वर्षांचा इतिहास, भाव मोडीचा, वर वीस टक्के बक्षीस! औत थांबवून, मजुरी बुडवून, तहसीलच्या चार खेपा घालून शेतकऱ्याने हे का करावं? सोनाराच्या मुशीत दोन तासांत निकाल लागतो आणि कुणी जबाब घेत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या सरकारनेही तेव्हा 'किती मिळतील' हाच प्रश्न विचारला होता आणि उत्तर वजनात दिलं होतं. आपण तो प्रश्न अजून बदललेला नाही. खुद्द इंग्लंडने बदलला. १९९६ च्या कायद्याने तिथे बाजारभावाने बक्षीस मिळतं, आणि १९९७ पासून सामान्य माणसाला सापडलेल्या साध्यासुध्या वस्तूंचीही नोंद करायची योजना आहे. वस्तू बहुतेक वेळा त्याच्याकडेच राहते, नोंद सगळ्यांची होते. तिथे अशा दहा लाखांहून जास्त नोंदी झाल्या आहेत. आपल्याकडे आधार आहे, सातबारा ऑनलाइन आहे, पिकाची नोंद मोबाईलवरून होते. शेतात सापडलेल्या हंड्याची नोंद करायला मात्र १८७८.

'म्हणजे नाणी विकूच नयेत का?' असं कुणीतरी विचारणारच. विका की. मी बाजाराच्या विरोधात नाही. जाणकार व्यापाऱ्यांनी आणि संग्राहकांनी लिहिलेल्या कॅटलॉगांवरच मीही शिकलो. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाला लोकांनी 'डुकराचा रुपया' म्हणून नाक मुरडलं, कारण राजाच्या झग्यावरच्या माळेतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसत होता. १९१२ पासून सोंड दुरुस्त केली. त्या रुपयाला संग्राहक जास्त पैसे देतात आणि त्यात काही गैर नाही. १९३९ चा रुपया तर खरोखर दुर्मिळ, आणि म्हणूनच त्याचे नकली शेकड्याने फिरतात. पण यातलं कुठलंही ओळखायला आधी ती सोंड बघावी लागते. तक्त्यात किंमत हा शेवटचा रकाना आहे. तुम्ही तो आधी भरायला बसता आणि बाकीचे रकाने कोरे ठेवता, मग कुणीतरी गोड बोलणारा ते तुमच्यासाठी भरून देतो.

आणि सर्वात जास्त राग आहे तो आपल्यावर. शिकलेल्या, शहरात आलेल्या, शनिवार-रविवार मोकळे असलेल्या आपल्यावर. घरच्या डब्यात आजीचे पैसे आहेत, आपल्याला त्यावरची लिपी वाचता येत नाही, आणि वाचायची इच्छाही नाही. पण कुणी लाख म्हटलं की ताबडतोब झूम करून फोटो. त्या ३१ परदेशी नाण्यांत सहा अमेरिकन सेंट होते आणि पाच आखाती फिल्स. ते आपणच टाकलेत, ऑनसाईटहून येताना पँटच्या खिशात राहिलेले. पन्नास वर्षांनी कुणी ते दारव्ह्याच्या भंगारात बघेल आणि विचारेल, हे इथे कसे आले? तेव्हा सांगायला कुणी असेल का, की इथली पोरं कापूस सोडून कुठे गेली?

काय करायचं, तर फार काही नाही. घासू नका. चिंच नको, राख नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. तो काळपट थर नाण्याचं वय आहे. तोलून वजन लिहा. साल कुठल्या कॅलेंडरातलं ते बघा. साधं कागदी पाकीट घ्या, आणि त्यावर कुणाकडून, कुठे, कधी मिळालं ते लिहा. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, ती कुठल्याही ऍपला लिहिता येत नाही. आणि डब्याची मालकीण अजून हयात असेल तर आजच तिच्याजवळ जाऊन बसा.

त्या दिवाळीत मी २६३ पाकिटं केली. माझं अक्षर भयंकर. कीबोर्डने वाट लावलीय. काका दुरून बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसत आले, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाले, "सरक. याला अक्षर म्हणतात का?" मग तीन दिवस मी सांगत होतो आणि ते लिहीत होते. फळ्यावर लिहावं तसं, सुवाच्य, प्रत्येक शिरोरेघ सरळ. बिल्ल्यांच्या पाकिटांपाशी थांबले. मी सांगितलं, "टोकन, पितळ, साल अज्ञात." त्यांनी तसं लिहिलं, आणि मग न विचारता खाली एक ओळ जोडली: 'जिनातील मजूर स्त्री, क्र. २०७, दारव्हा.'

खोट्या तीन नाण्यांच्या पाकिटांवरही त्यांनीच लिहिलं. मोठ्या अक्षरात, दोनदा अधोरेखित: खोटे. त्या फसवणुकीनंतर काका पहिल्यांदा मनापासून हसले ते तेव्हा.

असो. सोमवार येतोच आहे.

ता. क. आर्किटेक्ट साहेबांना उत्तर पाठवलंय: "नऊशे दिले, २६३ मिळाले." त्यांनी अंगठा दाखवला. कळलं की नाही, माहीत नाही :)